दही लागतं म्हणजे नेमकं काय होतं?

मोठ्या दुकानातल्या थंड कपाटात हल्ली दह्याचे इतके प्रकार मांडलेले असतात की माणूस गोंधळतोच. साधं दही, योगर्ट, ग्रीक योगर्ट, हाय प्रोटीन दही आणि सगळ्यात महाग ते ‘प्रोबायोटिक’. घरपोच सामान देणाऱ्या अ‍ॅपवर तर ‘दह्याचं कल्चर’ म्हणून पावडरीची चिमुकली पुडी मिळते. तिच्या वजनाचा आणि किमतीचा हिशेब मांडला तर डोळे पांढरे होतात. इकडे घराघरांत दर डिसेंबरात तीच तक्रार असते: रात्री विरजण लावलं, सकाळी बघावं तर दूध जसंच्या तसं.

पुडीत काय आहे आणि घरचं दही का लागत नाही, हे दोन्ही प्रश्न एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतात. ती गोष्ट म्हणजे चमचाभर विरजण. दही बिघडलं की आपण पहिला आळ त्या विरजणावरच घेतो. बऱ्याचदा ते बिचारं निर्दोष असतं.

चमच्यात कोण कोण असतं?

विरजण म्हणजे जिवंत जीवाणूंचा साठा. कंपन्या यालाच ‘कल्चर’ म्हणतात. फरक एवढाच की त्यांच्याकडे कोणत्या जातीचे जीवाणू किती आहेत हे ठरवून घेतलेलं असतं आणि आपल्या वाटीत जे आहेत ते आहेत. हे जीवाणू दुधातली साखर खातात आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. दह्याचा आंबटपणा तो हाच.

घरच्या दह्यात साधारणपणे मिश्र वस्ती असते. लॅक्टोकॉकस नावाचे जीवाणू मध्यम उबेत, म्हणजे २५ ते ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास, खुशीत वाढतात. ल्युकोनॉस्टॉक हे त्यांचे सोबती. ताज्या दह्याला आणि घरच्या लोण्याला जो मंद, खमंग वास येतो त्यात या मंडळींचा मोठा वाटा आहे. काही घरच्या दह्यांत थोडं यीस्टही सापडतं.

योगर्टची व्याख्या मात्र कडक आहे. आंतरराष्ट्रीय खाद्य मानकांनुसार योगर्टमध्ये दोनच ठरावीक जीवाणू लागतात: स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस. हे दोघे जास्त उष्णता मागतात, ४२ ते ४५ अंश. त्यांची जोडीही मजेशीर आहे. बल्गेरिकस दुधातली प्रथिनं फोडून थर्मोफिलसला आयतं खाद्य पुरवतो, तर थर्मोफिलस फॉर्मिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड सोडून बल्गेरिकसची वाढ सुकर करतो. एकेकट्याने दूध आंबवायला जो वेळ लागतो त्याहून बराच कमी वेळ दोघांना मिळून लागतो.

दही आणि योगर्ट यांतला खरा फरक हा असा जीवाणूंचा आणि तापमानाचा आहे. एक देशी, दुसरं विलायती किंवा एक हलकं, दुसरं भारी, असं काही त्यात नाही.

पातळ दूध घट्ट होतं ते कसं?

दुधात केसीन नावाचं प्रथिन असतं. त्याचे अतिसूक्ष्म गोळे दुधात तरंगत असतात. त्या गोळ्यांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि दूध पातळ राहतं. आता आम्ल वाढू लागलं की हा भार कमी कमी होत जातो. आंबटपणा मोजायच्या मापाला पीएच म्हणतात; आकडा जितका खाली, तितकं जास्त आंबट. ताज्या दुधाचा पीएच ६.६ ते ६.७ असतो. तो ४.६ पर्यंत उतरला की केसीनवरचा भार जवळजवळ शून्य होतो. मग गोळे एकमेकांना चिकटतात, त्यांचं जाळं तयार होतं आणि दुधातलं पाणी, स्निग्धांश, उरलेली साखर असं सगळं त्या जाळ्यात अडकून बसतं. दही लागलं!

इथे कुणी विचारेल, लिंबू पिळलं की दूध फाटतं, तेही आम्लच ना? हो. पण पनीर करताना आम्ल उकळत्या दुधात एकदम पडतं. गोळे सैरावैरा चिकटून त्यांचा चोथा वेगळा होतो. विरजणात आम्ल तासन्‌तास हळूहळू वाढतं, म्हणून जाळं एकसंध विणलं जातं. दही लागत असताना भांडं हलवू नये, झाकण काढून दर तासाला चमचा खुपसून बघू नये, असं घरातली मोठी माणसं ओरडून सांगतात त्याचं कारण हेच. अर्धवट विणलेलं जाळं एकदा तुटलं की ते पहिल्यासारखं सांधत नाही आणि त्या जागी पाणी सुटतं.

तपासायचंच असेल तर भांडं अगदी किंचित कलतं करून बघावं. दही लागलेलं असेल तर ते कडेपासून न सुटता एकजीव हलतं. वर नुसती दुधाची लाट आली तर अजून वेळ आहे. या दोहोंच्या मधलं, जेमतेम लागलेलं आणि जवळपास गोडच असलेलं ते अदमुरं दही. चमचा घातल्यावर स्वच्छ वडी निघते आणि पडलेल्या खड्ड्याची कड उभी राहते ते कवडी दही. माझं मत विचाराल तर साखर घालून नुसतं खायला अदमुऱ्यासारखं दुसरं नाही. कढीला मात्र ते कुचकामी.

पाश्चराइज्ड दूध पुन्हा उकळायचं कशाला?

हा आक्षेप रास्त आहे. पिशवीतलं दूध रोगजंतूंपासून सुरक्षित केलेलंच असतं. तरीही दह्यासाठी ते तापवावं, आणि त्याचं मुख्य कारण जंतू नव्हेत.

दुधात केसीनखेरीज निवळीतली प्रथिनंही असतात. निवळी म्हणजे दह्यावर सुटणारं ते हिरवट-पिवळं पाणी. ८० ते ९० अंशांपर्यंत दूध तापून थोडा वेळ तिथे राहिलं की या प्रथिनांची घडी उलगडते आणि ती केसीनच्या गोळ्यांना जाऊन चिकटतात. पुढे जाळं विणलं जाताना तीही त्यात सामील होतात. दही घट्ट लागतं, पाणी कमी सुटतं. पिशवीतलं दूध पाश्चरायझेशनमध्ये साधारण ७२ अंशांपर्यंत, तेही काही सेकंदच तापवलेलं असतं. एवढ्याने हे काम होत नाही. डेअऱ्यासुद्धा योगर्टसाठी दूध ८५ अंशांवर अर्धा तास किंवा ९०-९५ अंशांवर पाच मिनिटं ठेवतात. आपल्याकडे दूध उतू जायच्या बेतात आलं की गॅस बारीक करून आणखी पाच-दहा मिनिटं ढवळत आटवायची पद्धत आहे. त्यात हेच साधतं, शिवाय पाणीही थोडं उडतं.

दूध कोणतं घेता यावरही बरंच ठरतं. म्हशीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश दोन्ही गाईच्या दुधापेक्षा जास्त, म्हणून त्याचं दही सुरीने कापावं असं लागतं. पिशवीच्या दुधात फुल क्रीम म्हणजे किमान ६ टक्के स्निग्धांश आणि ९ टक्के इतर घनपदार्थ. टोन्ड म्हणजे ३ आणि ८.५. टोन्ड दुधाचं दही पातळ लागलं तर त्यात विरजणाचा काय दोष? लिटरभर दुधात दोन-तीन चमचे दुधाची पावडर मिसळून बघा, फरक दिसेल.

‘कोमट’ म्हणजे किती?

घोडं अडतं ते इथे. सगळ्या पाककृती ‘कोमट दुधात विरजण घाला’ म्हणून मोकळ्या होतात. कोमटचा अर्थ नागपुरात मे महिन्यात वेगळा आणि महाबळेश्वरला जानेवारीत वेगळा.

दूध ५५-६० अंशांच्या वर असताना विरजण घातलं तर त्यातले बहुतेक जीवाणू मरतात. मग कितीही वाट पाहा, दही लागत नाही. दूध फार गार झालं असेल तर जीवाणू जगतात, पण सुस्तावतात. घरच्या मिश्र विरजणासाठी ३८ ते ४० अंशांच्या आसपासचं दूध बरं. थर्मामीटर असेल तर उत्तमच. नसेल तर दुधाचा थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून बघावा: ऊब जाणवली पाहिजे, चटका नाही. हिवाळ्यात दूध जरा जास्त उबदार असताना लावावं, कारण पुढचे काही तास ते निवतच जाणार आहे.

कारण महत्त्वाचं आहे ते पहिल्या क्षणाचं तापमान नव्हे, ऊब किती तास टिकते हे. मुंबईत उन्हाळ्यात ओट्यावर ठेवलेलं दही चार-पाच तासांत लागतं, कारण सगळं स्वयंपाकघरच उबदार असतं. थंडीत तेच भांडं दोन तासांत गारठतं आणि जीवाणूंचं काम मध्येच थांबतं. म्हणून पिठाच्या डब्यात भांडं पुरून ठेवणं, टॉवेलात गुंडाळणं, पोळ्यांच्या कॅसरोलमध्ये लावणं, नुकत्याच वापरलेल्या रिकाम्या कुकरमध्ये ठेवणं, हे सगळे उपाय शास्त्राला धरून आहेत. ऊब टिकवणं एवढंच त्यांचं काम. ओव्हन न पेटवता त्यातला नुसता दिवा लावून ठेवला तरी भागतं.

परदेशातल्या मराठी घरांत दह्याची जी रड ऐकू येते तिचं मूळही इथेच आहे. तिथे विरजण म्हणून दुकानातलं साधं योगर्ट आणलं जातं. त्यात ते उष्णताप्रिय दोघे असतात, त्यांना ४२ अंश हवेत. घरात हवा २० अंशांची, आणि आईने फोनवर सांगितलेलं असतं, “कोमट दुधात लाव आणि झाकून ठेव.” आईचं बरोबर असतं, पण तिच्या विरजणापुरतं. योगर्टचं विरजण असेल तर दूध ४३-४४ अंशांवर लावून ती ऊब निदान पाच-सहा तास धरून ठेवावी लागते. दह्याची सोय असलेला विजेचा कुकर याच कामाचा.

विरजण जास्त घातलं तर लवकर लागेल?

लवकर लागेल, पण चांगलं लागेलच असं नाही. दाट पेरणी केलेल्या वाफ्यात रोपं जशी एकमेकांच्या तोंडचं पळवतात आणि खुरटतात, तसंच काहीसं इथे होतं. पहिल्याच तासात आम्ल भराभर वाढतं, जाळं घाईने विणलं जातं, रवाळ होतं आणि पाणी सोडतं. विरजणासोबत आलेला जुना आंबटपणाही असतोच. अर्धा लिटर दुधाला एक लहान चमचा पुष्कळ झाला. अनुकूल उबेत हे जीवाणू साधारण अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होतात, त्यांच्या संख्येची काळजी आपण करू नये.

काळजी करावी ती विरजणाच्या वयाची. फ्रिजमध्ये जीवाणूंचं काम मंदावतं, थांबत नाही. दही रोज थोडं आंबट होत जातं आणि त्या आंबटपणात त्यातलेच काही जीवाणू मरू लागतात. आठवडाभर पडून राहिलेलं आंबटढाण दही विरजणाला घेतलं तर सुरुवातच अशक्त वस्तीपासून होते. कालचं किंवा परवाचं दही घ्यावं, तेही वरची साय बाजूला करून मधलं. गुठळी तशीच टाकू नये. चमचाभर दुधात फेटून मग मिसळावी, म्हणजे जीवाणू सगळीकडे पोचतात.

तार सुटते, कळकतं, लागतच नाही

दह्याला तार सुटली की लोक घाबरून फेकून देतात. काही जीवाणू लांबलचक साखळीची साखर तयार करतात, तिने दही बुळबुळीत होतं. वास आणि चव ठीक असेल तर ते अपायकारक नसतं. उलट असे चिकटपणा देणारे जीवाणू कंपन्या मुद्दाम निवडतात, कारण पाणी सुटत नाही. तुम्हाला नको असेल तर ताजं विरजण दुसरीकडून आणावं. गुलाबी-काळे ठिपके किंवा केसाळ बुरशी दिसली तर मात्र सगळं भांडं टाकून द्यावं. वरचं काढून खालचं वापरायची काटकसर इथे नको.

पितळेच्या किंवा तांब्याच्या बिनकल्हईच्या भांड्यात दही कळकतं, कारण आम्लात धातू उतरतो. स्टील, काच, चिनी माती किंवा मातीचं भांडं घ्यावं. मातीच्या भांड्याला बाहेरून ओल सुटत राहते, त्याने दह्यातलं थोडं पाणी कमी होतं आणि ते गार राहतं. उन्हाळ्यात हा गुण, कडक थंडीत तोच अवगुण.

सगळं नीट करूनही एखाद्या दुधाचं दही लागतच नाही. मग दुधाकडे बघावं. गाई-म्हशींची कास सुजली की त्यांना प्रतिजैविकं देतात, आणि त्यानंतर ठरावीक दिवस ते दूध विकायचं नसतं. हा नियम कुणी पाळला नाही तर औषधाचा अंश दुधात येतो आणि विरजणातले जीवाणू मरतात. दूध नासू नये म्हणून त्यात सोडा मिसळलेला असेल तरी आंबायला उशीर होतो, कारण सोडा आम्लाला मारतो. याचा अर्थ दही बिघडलं की दूधवाल्याच्या नावाने बोटं मोडावीत असा नाही. आधी तापमान तपासा.

घरात विरजणच नाही

हिरव्या मिरचीचे देठ दुधात टाकून दही लावतात, ते खरंच लागतं. वनस्पतींवर लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू असतातच, देठांवाटे ते दुधात उतरतात. पण त्यांच्याबरोबर आणखी कोण उतरेल याची हमी नाही. पहिलं दही अनेकदा पातळ आणि विचित्र वासाचं निघतं. त्यातलंच चमचाभर घेऊन पुन्हा एक-दोनदा लावलं की आम्ल सोसणारे जीवाणू पुढे सरतात आणि चव सुधारते. शेजारणीकडून वाटीभर विरजण आणणं जास्त शहाणपणाचं, असं आपलं मला वाटतं. गावाला जाताना विरजण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवता येतं. परतल्यावरचं पहिलं दही उशिरा लागेल, एवढंच.

दुकानातल्या पाकिटाचं दही विरजण म्हणून चालतं, फक्त आंबवल्यानंतर ते पुन्हा तापवलेलं नसावं. त्याची चव काही पिढ्यांनी बदलते, कारण घरातल्या हवेतले, भांड्यावरचे जीवाणू हळूहळू त्यात शिरतात आणि वस्तीचा तोल सरकतो. पुडीतलं कल्चर म्हणजे असेच जीवाणू गोठवून वाळवलेले. दर वेळी तंतोतंत तीच चव हवी असेल, धंदा असेल, तर पुडीला अर्थ आहे. घरी रोज दही लावणाऱ्याला ती एकदा आणून बघायला हरकत नाही, रोज कशाला?

डेअऱ्यांना मात्र नवं कल्चर लागतंच, कारण जीवाणूंनाही विषाणूंची लागण होते आणि हजारो लिटरची टाकी एका रात्रीत फसते. या त्रासातून एक भलतंच मोठं संशोधन उभं राहिलं. २००७ साली डॅनिस्को कंपनीतल्या रोडोल्फ बरांगू, फिलिप होर्वाथ आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की योगर्टमधला थर्मोफिलस हल्ला करून गेलेल्या विषाणूच्या जनुकांचा तुकडा स्वतःत जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी त्याला ओळखून कापतो. ही यंत्रणा म्हणजे क्रिस्पर. अशाच यंत्रणेतून जनुकं कापायची कात्री बनवल्याबद्दल एमान्युएल शारपाँतिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मग घरचं दही ‘प्रोबायोटिक’ आहे का?

व्याख्येवर बोट ठेवलं तर नाही. पुरेशा प्रमाणात पोटात गेल्यावर आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. त्यासाठी नेमका कोणता वाण आहे, किती आहे आणि त्याचा फायदा चाचणीत दिसला का, हे माहीत असावं लागतं. आपल्या वाटीतल्या वस्तीची अशी नोंद कुणीच ठेवलेली नसते.

याचा अर्थ ते निरुपयोगी असा मुळीच नाही. दूध पचत नाही, पोट फुगतं, अशा माणसांना दही चालतं हे आपण बघतो. जीवाणूंनी दुधातली काही साखर आधीच खाल्लेली असते आणि उरलेली पचवायला लागणारं विकर, म्हणजे एन्झाइम, ते सोबत घेऊन पोटात जातात. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०१० मध्ये योगर्टच्या जिवंत जीवाणूंबद्दलचा हा दावा मान्य केला, अट एवढीच की ग्रॅममागे किमान १० कोटी जीवाणू हवेत. दह्याने आयुष्य वाढतं ही कल्पना मात्र जुनी आणि वेगळी. बल्गेरियाचे स्टामेन ग्रिगोरोव्ह यांनी १९०५ मध्ये जिनिव्हात शिकत असताना आपल्या मायदेशातल्या दह्यातला हा बल्गेरिकस जीवाणू शोधला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले एली मेचनिकॉफ यांनी तो दीर्घायुष्याशी जोडला. त्यांना १९०८ साली नोबेल मिळालं म्हणून हा सिद्धान्तही नोबेलविजेता असल्याचं सांगितलं जातं. ते नोबेल रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी होतं. बल्गेरिकस आपल्या आतड्यात कायमचा मुक्काम करत नाही, हेही पुढे स्पष्ट झालं.

कढी उकळली की त्यातले जीवाणू मरतात. प्रथिनं आणि कॅल्शियम राहतं, चव तर राहतेच. जिवंत जीवाणू हवे असतील तर ताक, कोशिंबीर किंवा दहीभात, आणि भातही जरा निवल्यावरच कालवलेला.

राहिलं ते ग्रीक योगर्ट. त्यात प्रथिनं जास्त असतात कारण त्यातलं पाणी काढलेलं असतं. दही पंचात बांधून टांगलं की जो चक्का मिळतो, त्याचाच हा कमी निथळलेला भाऊबंद. पाकीट घेतलंच तर घटकांची यादी वाचा: दूध आणि जीवाणू एवढंच असेल तर ते खरोखर निथळलेलं, स्टार्च, जिलेटीन, पेक्टिन दिसलं तर घट्टपणा तिथून आलाय. घरी चक्का बांधला तर खाली पातेल्यात जमणारी निवळी ओतून देऊ नका. पोळ्यांची कणीक तिच्यात भिजवली की मऊ होते.